माफीचा व्हिडिओ

साहेब, माझ्या पोराला तुम्हीच तुरुंगात घातलंत.

अभिरामनं फेसबुकवर लिहिलं होतं, 'शिरवण्याच्या नाल्यापेक्षा साहेबांची जीभ घाण.' कुत्र्यानंही वाचलं नव्हतं. तुमच्या पक्षाची पोरं घरात घुसली, पोस्ट डिलीट करायला लावली, आईसमोर त्याला कान पकडायला लावले आणि व्हिडिओसाठी त्याच्यावर मोबाइल रोखला.

"माफी माग! काय लिहिलेलंस ते पण बोल. मोठ्यानं बोल ना भावा, साहेबांपर्यंत गेलं पाहिजे!"

तो रडत रडत बोलला. व्हिडिओ तुम्ही तुमच्या पेजवर टाकलात, सगळ्या नेरूळनं पाहिला.

परवा पोलीस आले. पोस्ट तर उरलीच नव्हती. गुन्हा लागला त्या व्हिडिओतल्या वाक्यावर, आणि फिर्यादी तुम्ही.



मग तो व्हिडिओ पसरवणारा अजून बाहेर कसा? उत्तर द्या.