ऑर्विलचं फावडं

मोडेमवरचा 'डीएसएल' लिहिलेला दिवा नुसता लुकलुकत होता, स्थिर काही होईना; म्हणजे इंटरनेट बंदच. तिकडे टोरंटोत मर्नाची लेक बाळंत झाली होती आणि जावई थोड्याच वेळात व्हिडिओवर नात दाखवणार होता. कॉर्डलेस फोन कानाला लावून मर्ना घरभर येरझारा घालत होती.

"मोडेम बंद करून परत चालू करा, मॅडम," कंपनीचा माणूस म्हणाला.

"किती वेळा करू रे बाबा? राउटरला नाव दिलं, पासवर्ड दिला, वायरी काढून परत लावल्या."

"आजूबाजूला दुसरं कुणाचं वायफाय दिसतंय का? तात्पुरता त्यांचा पासवर्ड मागा."

टॅबलेटवर दिसत होतं. शेजारच्या ऑर्विलचं. लोक वायफायला कुत्र्यामांजराचं नाव देतात. याने हिवाळ्यात ठेवलं होतं, 'मर्ना, माझं फावडं परत दे'. गल्लीत प्रत्येकाच्या फोनवर ते झळकायचं. तेव्हापासून मर्नाने त्याच्याशी बोलणं टाकलं. आता अंगणातला बर्फही वितळला, पण बर्फ उपसायला आणलेलं त्याचं फावडं अजून तिच्याच गॅरेजमध्ये होतं.

"त्याच्याकडे मागू?" ती तणतणत मागच्या दारात आली. "नातीचं तोंड नाही दिसलं तरी चालेल, पण त्या माणसाचं बघणार नाही मी."

कुंपणापलीकडे ऑर्विल उभा होता. तिचं बोलणं ऐकून तो घरात निघून गेला.

मर्नाने रडवेल्या डोळ्यांनी पुन्हा टॅबलेट उघडला. शेजारच्या वायफायचं नाव बदललं होतं.


'फावडं राहू दे, नात बघ. पासवर्ड काढून टाकलाय.'