सगळ्यांना चालणारं कार्ड

"अण्णा, पाणी नको! चालू आहे ते!" दानेश्वरी ओरडली. तोवर रुद्रप्पाअण्णांनी फुटलेल्या नारळातलं पाणी ओंजळीत घेऊन बोर्डावर शिंपडलंसुद्धा होतं.

पडद्यावरचं चित्र एकदा थरथरलं आणि गेलं. तळहाताएवढा उघडा कम्प्युटर बोर्ड, त्यावर हळद, कुंकू, झेंडूचं फूल आणि आता हे पाणी. शाळेच्या कम्प्युटरच्या खोलीत भिंतीला टेकून उभ्या असलेल्या मुली माना उंचावून बघू लागल्या.

"काय झालं?" अण्णांनी उपरण्याला हात पुसत विचारलं. "आमच्या डाळ मिलच्या मोटारीवर दर खंडेनवमीला असंच शिंपडतो की. तिला कदी काय झालं न्हाय."

"ती लोखंडाची मोटार आहे, अण्णा."

"मग ह्येच कच्चं म्हणायचं." ते मुलींकडे बघून हसले. "दान आलंय म्हटल्यावर असलंच येणार."

दानेश्वरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दानाचे हे बोर्ड याच माणसाने हार घालून घेऊन, फोटो काढून उतरवून घेतले होते. तीन कंपन्यांचे, तीन तऱ्हांचे. बोर्ड ज्यावरून सुरू व्हायचा, ते एकाचं मेमरी कार्ड दुसऱ्याला चालेना. कुठे काळा पडदा, तर कुठे नुसता लाल दिवा. वर्षभर धूळ खात पडले, आणि शाळेने निकाल काय दिला, तर मुलींना जमत नाही. मुलींना! अरे, ते सुरूच होत नव्हते तर मुली काय करणार, आरती?

उन्हाळ्याची सगळी सुट्टी तिने या पत्र्याच्या खोलीत काढली होती. सोलापूरचा मे महिना, आणि पंखा लावला तर फ्यूज उडायचा. प्रत्येक बोर्डाला जागं व्हायला जे वेगळं लागतं, ते तिने त्या त्या बोर्डाच्या पोटातच भरून टाकलं आणि कम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्स प्रणालीचं कार्ड सगळ्यांसाठी एकच केलं. कार्ड घाला, बटण दाबा, मराठी की कन्नड ते सांगा. संपलं. संस्थेचे अध्यक्ष म्हणून अण्णा आज खंडेनवमीच्या पूजेला आणि तेच बघायला आले होते. बघून झाल्यावर, दर जूनला नव्याने नेमली जाणारी ही कम्प्युटरची बाई, म्हणजे दानेश्वरी, कायम करायची की नाही, ते सांगणार होते.

आणि आल्या आल्या त्यांनी तिचा एक बोर्ड मारला होता.

"थांबा," ती म्हणाली. आवाज चढला होता, तिने तो खाली आणला नाही. मेलेल्या बोर्डाचं बटण बंद केलं, कार्ड उपसून काढलं, पदराने कोरडं पुसलं आणि पूजेचं ताट घेऊन उभ्या असलेल्या कमलम्मा शिपाईबाईंपुढे धरलं. "कमलम्मा, हे पलीकडच्या टेबलावरच्या बोर्डात घाला. तो दुसऱ्या कंपनीचा आहे."

"मी? मला काय येतंय बाई त्यातलं?"

"काही यायला लागू नये म्हणूनच केलंय. घाला."

कमलम्मांनी ताट अण्णांच्या हातात दिलं. अध्यक्षांनी ते घेतलं, कारण दुसरं कोणी रिकामं नव्हतं. कार्ड आधी उलटं लागलं, मग सुलटं बसलं. कमलम्मांनी बटण दाबलं आणि भाजल्यासारखं बोट मागे घेतलं. जरा वेळ काहीच नाही. मग पडद्यावर नमस्कार आला, मराठीत, आणि त्याच्या खाली कन्नडमध्ये. कमलम्मांनी खालची ओळ मोठ्याने वाचली. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

"हात्तिच्या!" अण्णा म्हणाले. "एवढंच व्हय? मग कमलम्माच चालू करतील की रोज. तुमाला कायम कशाला करायचं, बाई?"

ही थट्टा नव्हती. अण्णा खरंच विचारत होते.

अवघड होतं तेव्हा मुली ढ होत्या, आता सोपं झालं तर बाई फुकट! दानेश्वरीला वाटलं, ओढावं ते कार्ड बाहेर आणि बुडवावं त्या नारळाच्या पाण्यात. मग चालू करा म्हणावं, तुमच्या डाळ मिलसारखं. हात तिथवर गेलाही. पण कमलम्मा पडद्यासमोर वाकून, एका बोटाने कळा शोधत स्वतःचं नाव लिहीत होत्या. निम्मं झालं होतं. चार मुली त्यांच्या खांद्यावरून वाकून पुढचं अक्षर दाखवत होत्या.

तिने हात मागे घेतला. राग काही मागे येईना.

"अण्णा, पूजा झाली सगळ्या हत्यारांची?"

"झाली की."

"एक राहिलंय."

ती त्यांच्यासमोर गेली आणि त्यांच्या हातातल्या ताटावर तिने आपले दोन्ही हात पालथे धरले. उजव्या अंगठ्यावर तारांना डाग देताना बसलेला चटका अजून काळा होता. नखं तुटलेली होती.

अण्णांनी मुलींकडे पाहिलं. सगळ्या मुली त्यांच्याकडेच बघत होत्या. त्यांनी ताट एका हातावर पेललं आणि बोट कुंकवात बुडवलं.

"लावा," दानेश्वरी म्हणाली. "पण पाणी नका शिंपडू, अण्णा. हे चालू आहेत."