मोपेडवरचे ऐंशी किलोमीटर

उन्हाळ्यात दर रविवारी विमलताई बहिणीकडे जाते सांगून मोपेडवरून निघायच्या. बहिणीचं गाव जेमतेम बारा किलोमीटरवर. पण मोपेडच्या मीटरचा आकडा दर वेळी ऐंशीनं वाढलेला दिनकररावांनी हेरला होता. इतक्या वर्षांच्या संसारानंतर बायको खोटं बोलतेय, हे त्यांना सहन होईना.

त्या रविवारी शेजाऱ्याची स्कूटर मागून ते पाठोपाठ निघाले. मोपेड थांबली ती थेट चाळीस किलोमीटरवरच्या शर्यतीच्या माळावर. तिथे निवृत्ती सुतार वाट पाहत होता. जुन्या मोटारसायकलींच्या शर्यतीत दिनकररावांना दोनदा हरवणारा हाच तो माणूस!

बाभळीआडून ते पाहत राहिले. निवृत्तीनं हातात घड्याळ धरलं आणि त्याच्या जुन्या मोटारसायकलवर विमलताई धुरळा उडवत सुटल्या.

"विमल! हे काय चाललंय?"

विमलताई चक्कर पुरी करूनच थांबल्या. "तुम्हाला तीनदा म्हटलं, मला शिकवा. तिन्ही वेळा हसलात. पुढच्या शर्यतीत नाव दिलंय मी. तुमच्याच गटात."

दिनकररावांनी निवृत्तीच्या घड्याळात डोकावलं. त्यांच्या स्वतःच्या वेळेपेक्षा तीन सेकंद कमी!

"ते वळण," ते खाली बघत पुटपुटले, "कसं घेतलंस गं?"