एका बरणीची वाटणी

पहिली बरणी फुटली तेव्हा बहीण अजून बोलतच होती. "दादा, मला एकच दे. बाकी सगळ्या तुझ्या."

हाताला लागेल ते उचलायचं ही दादाची जुनी खोड. आज हाताला लागला आईचा ढवळायचा दांडका. काळाकुट्ट, चिकट, आईने जन्मात न धुतलेला. म्हातारीचा आळस, दुसरं काय, असं तो नेहमी म्हणायचा.

बरण्यांत जवाचं आंबवलेलं पेय होतं आणि त्यात आईचं विरजण. आई गेली, विरजण तेवढं मागे राहिलं. अन्न तपासणीवाल्या बाई म्हणाल्या होत्या, यातले जंतू पोटाला बरे आणि बुरशीचे काळ. इतरांच्या पेयावर निळा थर धरतो, तुमच्या पेयावर बुरशी पाय ठेवायला धजत नाही. तेव्हापासून दादाची छाती फुगलेली. बरणीत त्याने कधी बोट बुडवलं नव्हतं. तो गाडीवर माल चढवायचा आणि गावभर सांगायचा, धंदा माझा.

"लग्न झालं तेव्हाच तुझी वाटणी संपली," तो म्हणाला आणि दुसरी फोडली. मग तिसरी, चौथी. काच पोटरीत घुसली तरी त्याला कळलं नाही. बहिणीने शेवटची बरणी पोटाशी कवटाळली. त्याने तिच्या मनगटावर दांडका हाणला. हाड मोडलं, बरणी सुटली, आणि दादाला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. तुला नाही तर मलाही नको, जा.

ती गुडघ्यांवर बसून चांगल्या हाताने फरशीवर सांडलेलं पेय वाटीत ओढू लागली. तशी त्याने वाटी लाथेने उडवली आणि फिनेलचा अख्खा डबा फरशीवर उपडा केला.

"आता चाट," तो म्हणाला. "मी उद्या बाजारातून आंबवायची भुकटी आणीन. विरजणाला काय सोनं लागलंय?"

बहीण भिंत धरून उठली. "तो दांडका तरी दे. आईच्या हातचा आहे."

दादाला हसू आलं. "घे, ही तुझी वाटणी." त्याने तो फेकूनच मारला. तिची भुवई फुटली. ती रडेल, शिव्याशाप देईल म्हणून तो वाट बघत राहिला. तिने दांडका उचलला, ओढणीत गुंडाळला आणि बाहेर गेली.

बाहेर तिचा नवरा गाडीपाशी उभा होता. तिला बघून तो धावला. रक्ताने माखलेला दांडका तिच्या हातातून घेऊन तो अंगणातल्या नळाकडे वळला. खिडकीतून दादाला तिचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

"धुऊ नका हो. आई नव्या बरणीला विरजण ह्यानेच लावायची."