परवानगीशिवाय

श्रीरंग कर्णिकांच्या छातीतलं यंत्र दर तासाला कंपनीची परवानगी घेऊन त्यांचं हृदय चालवायचं. ती कंपनी आज दुपारी बारा वाजता कायमची बंद होणार होती. पावणेबारा झाले होते.

"कंपनीचा प्रोग्रॅम काढून त्या परक्या लोकांनी सगळ्यांसाठी खुल्या ठेवलेल्या प्रोग्रॅमवर भरवसा ठेवायचा?" त्यांनी बायकोला विचारलं.

"त्याची ओळ न् ओळ मी वाचलीय," मृदुला म्हणाली. "कंपनीचा प्रोग्रॅम आजवर कुणाला वाचायला मिळालाय?"

तिच्या या खुल्या प्रोग्रॅमच्या वेडाची त्यांनी वर्षानुवर्षं थट्टा केली होती. आता मात्र ते मुकाट्याने खुर्चीत टेकले.

प्रोग्रॅम बदलताना यंत्र वीस सेकंद बंद राहणार होतं. मृदुलाने त्यांची नाडी धरली आणि लॅपटॉपवरचं बटण दाबलं. नाडी मंदावली, मग लागेनाशीच झाली. श्रीरंगांची मान कलली. ती मोठ्याने आकडे म्हणत राहिली. वीस झाले, एकवीस झाले. तेविसाव्या आकड्याला तिच्या बोटांखाली काहीतरी हललं.

थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले. "आता माझे ठोके कंपनीला कळणार नाहीत?"

"कुणालाच कळणार नाहीत."

"मग ठोके नीट पडतायत ना, हे दर तासाला तू विचारत जा," ते म्हणाले, आणि इतका वेळ थोपवलेलं रडू मृदुलाला आवरेना.