लाल फडक्याची खुंटी

या इंग्रज गव्हर्नराला बाईशी बोलायची रीत कुणी शिकवलीच नाही. मलायातल्या रेंबाऊच्या शेतात आम्ही बाया गुडघाभर चिखलात भात लावत होतो, आमच्याकडे ढुंकूनही न बघता त्याने बांधावर बसलेल्या माझ्या नवऱ्याला विचारलं, "इथे सैन्याची छावणी बांधू का?" त्याच्या दुभाष्याने वर त्याची थोरवी गायली: मिसरूड फुटायच्या आधी पलटणीत शिरला, आफ्रिकेत लढाया जिंकल्या, दोन बेटांवर राज्य केलं. आमचा नवरा, मानाफ, छाती फुगवून म्हणाला, "बांधा की, तुआन साहेब!" लगेच शिपायाने माझ्या रोपांत लाल फडक्याची खुंटी ठोकली. मी म्हटलं, "अहो, तुमच्या बापाचं शेत आहे का हे?" बाया खिदळल्या, मानाफ पायाकडे बघू लागला. आमच्यात शेत आणि घर आईकडून लेकीला जातं. नवरा लग्नात कपड्यांचं गाठोडं घेऊन येतो आणि बिनसलं तर तेवढंच घेऊन जातो. हे शेत उद्या माझ्या लेकीचं, सेपियाचं. मी खुंटी उपटली आणि चिखलासकट साहेबाच्या पांढऱ्या हातमोज्यावर टेकवली. शिपायाने बंदूक रोखली. मी तसूभर हलले नाही. दुभाष्या पुटपुटला, "मावशी, गप्प बसा, तुरुंगात घालतील." "घालू दे. तू माझं बोलणं शब्दाला शब्द सांग," असं म्हणून मी साहेबाच्या डोळ्याला डोळा भिडवला. "तुआन, इतकी राज्यं चालवलीत, आणि जमीन कुणाची ते घरजावयाला विचारता? मालकीण मी आहे. चालते व्हा!"