कोरा फळा

"सहा गोल खाल्ल्यावर काय लिहायचं, डोंबल?" सर्जेरावनं खडू खिशात टाकला. तालमीचा फुटबॉल संघ जिंकला की तिथल्या फळ्यावर तो निकाल लिहायचा. हरलं की फळा कोरा. कट्ट्यावर मग जुन्या विजयांच्या गप्पा चालायच्या.

हौसाआक्का काठी टेकत आल्या. "किती झाले रं, सर्ज्या?"

"कळलं न्हाई अजून."

"त्यांच्या पेठेत फटाके वाजले की. माझा आनंदा गोलकीपर असताना आठ खाल्ले, तर तुझ्या बानं आठच लिहिले. खाली लिहिलं, 'आनंदा, उद्या सरावाला ये.' तवा कुठं लेक घराबाहेर पडला."

सर्जेरावची मान खाली गेली. आजचा गोलकीपर त्याचाच पोरगा होता. तो घरी उपाशी बसला होता, अन् बाप इथं तोंड लपवून.

खडू काढून त्यानं आधी पोराचं नाव लिहिलं.